शोधण्याची मजुरी

शिर्डीतल्या प्रवासी गाडीची दारं घरच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त वेळा उघडतात. साईनगर स्थानक, काकडीचं विमानतळ, भक्तनिवास, प्रसादालय, मग राहुरीमार्गे शिंगणापूर. प्रत्येक थांब्यावर माणसं चढतात-उतरतात, काचा खाली होतात, वर जातात. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि दसऱ्याच्या पुण्यतिथी उत्सवात तर गाड्या उभ्याच राहत नाहीत. त्यामुळे पॉवर विंडो बंद पडणं ही इथे किरकोळ गैरसोय नसते, त्या दिवसाच्या धंद्याचाच तो प्रश्न असतो. यावर दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, वेळ घालवू नका, पार्ट बदला. दुसरं म्हणतं, आधी शोधा. ही दोन्ही मतं इथे समोरासमोर बसवली आहेत. बोलणारी माणसं कल्पित आहेत. मामा हे नगर-मनमाड रस्त्यावर वायरिंगचं काम करत आयुष्य घालवलेले ऑटो इलेक्ट्रिशियन, आणि मालक हा तीन प्रवासी गाड्या चालवणारा तरुण.

मालक: मामा, सात सीटरची मागची डावी काच अर्धी खाली जाऊन अडकलीय. रात्री नागपूरची पार्टी आहे. कोकमठाणला समृद्धीवर चढलं की थेट नागपूर, पाचशे वीस किलोमीटर. पार्टीत दोन म्हातारी माणसं आहेत, आभाळ भरलंय. काच वर-खाली करणारी मशीन मोटरीसकट नवी टाका आणि गाडी मोकळी करा.

मामा: मशीन गेली हे कुणी ठरवलं?

मालक: काच हलत नाही म्हणजे मशीनच ना? मागे दुसऱ्या गाडीचं असंच झालं होतं. मशीन बदलली, काच चालू.

मामा: तेव्हा मशीन गेली असेल. पण काच हलायला फ्यूज आणि रिले शाबूत लागतात, स्विच लागतो, वायर अखंड लागते, मोटर लागते, मशीन लागते आणि काचेला सरकायला मोकळा चॅनेल लागतो. यातलं काहीही बिघडलं तरी बाहेरून एकच दिसतं, काच हलत नाही. मला आधी सांग, ड्रायव्हरच्या दारावरच्या बटणानं काय होतं आणि मागच्या दारावरच्या बटणानं काय होतं?

मालक: गाडीवरचा पोरगा म्हणाला, ड्रायव्हरच्या बटणानं वरही नाही, खालीही नाही. मागच्या बटणानं खाली जाते, वर येत नाही. म्हणून तर अर्धी अडकली. पॅसेंजरनं खाली घेतली आणि तशीच राहिली.

मामा: म्हणजे खाली जाताना मोटर फिरते, मशीन काच ओढते. मग मोटर आणि मशीन नवी टाकून काय मिळणार?

मालक: मोटर कमजोर झाली असेल. खाली जायला जोर लागत नाही, वर यायला लागतो. काचेचं वजन आहे ना.

मामा: शंका रास्त आहे. मोटर थकली किंवा चॅनेल आवळला की काच खाली जाते आणि वर येताना रडते. पण मग ड्रायव्हरच्या बटणानंसुद्धा खाली गेली असती. तिथून तर हूं की चूं नाही. एकाच मोटरीला एका बटणावर खाली जायचा जोर आहे आणि दुसऱ्या बटणावर नाही, असं होत नाही. फरक बटणांत किंवा त्यांच्यामधल्या वायरीत आहे.

मालक: मग मागचं बटण खराब. तेच बदला.

मामा: तू परत पार्टवर आलास. मोटरीला दोन वायरी असतात. बऱ्याच गाड्यांत बटण मोकळं असताना या दोन्ही वायरी अर्थला असतात. वर दाबलं की एका वायरीला बारा व्होल्ट मिळतात, दुसरी अर्थलाच राहते. खाली दाबलं की उलट. मोटर एकच, करंटची दिशा फिरली की ती उलटी फिरते. आता मुद्दा बघ. मागच्या दाराच्या मोटरीला तो अर्थ मागच्या दारात मिळत नाही. तो मागच्या स्विचमधून ड्रायव्हरच्या दारातल्या मेन स्विचपर्यंत जातो आणि तिथे बॉडीला मिळतो.

मालक: म्हणजे मागच्या काचेचा परतीचा रस्ता पुढच्या दारातून जातो?

मामा: हो. या दोन्हींमध्ये ज्या दोन वायरी आहेत, त्यातली एक तुटली असं धर. मागचं बटण खाली दाबलं, करंट तिथल्या तिथे मिळाला आणि परत जायला शाबूत वायर मिळाली. काच खाली गेली. मागचं बटण वर दाबलं, करंट आला, पण परतीची वायर नेमकी तुटलेली. काच थांबली. ड्रायव्हरच्या बटणाला जाण्या-येण्याला दोन्ही वायरी लागतात, म्हणून तिथून काहीच नाही. तू सांगितलेली लक्षणं याच्याशी तंतोतंत जुळतात. मागचा स्विचही एका बाजूला मेला असू शकतो, म्हणून टेस्ट लॅम्प लावून खात्री करायची.

मालक: मामा, तुमचं सगळं पटतं. पण माझी बाजूही ऐका. तुम्ही शोधायला बसलात, दोन तास गेले, आणि शेवटी पार्टच टाकावा लागला, तर शोधण्याचे पैसे आणि पार्टचे पैसे दोन्ही माझ्या डोक्यावर. वर गाडी उभी. पार्ट बदलला की निदान मला किती वेळ आणि किती पैसे ते आधी कळतं. धंद्यात याला किंमत आहे.

मामा: आहे, मी नाही म्हणत नाही. पण आत्ता मशीन बदलली असती तर पैसे गेले असते, दाराचं पॅड निघालं असतं आणि काच तिथेच राहिली असती. मग तू म्हणाला असतास, पार्ट डुप्लिकेट निघाला. निश्चित रक्कम कळणं वेगळं आणि निश्चित दुरुस्ती होणं वेगळं.

मालक: बरं, लावा लॅम्प. मल्टिमीटर माझ्या डिकीत आहे, देऊ का?

मामा: मीटर चांगलाच, पण तो फसतोही. वायरीतल्या बाकी सगळ्या तारा तुटून एकच तार उरली तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट जवळजवळ ओढतच नाही. मोटर कित्येक अँपिअर मागते, आणि ती एक तार तेवढं देऊ शकत नाही. एकवीस वॅटचा बल्ब लावला तर तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो, आणि अशक्त वायरीवर लगेच मंद पेटतो. मीटरच वापरायचा तर बटण दाबलेलं असताना मोटरीच्या कपलरवर व्होल्टेज मोज. बॅटरीवर साडेबारा आणि मोटरीवर आठ दिसले, तर साडेचार व्होल्ट वाटेत कुठेतरी खाल्ले जातायत.

मालक: मग बल्बच सगळीकडे वापरावा.

मामा: सगळीकडे अजिबात नाही. पिवळे कपलर एअरबॅगचे असतात, त्यांना बल्बही लावायचा नाही, पिनही खुपसायची नाही. काही नव्या गाड्यांत मोटरीतच छोटा कंट्रोलर बसवलेला असतो. तिथे दोन वायरींचा हा हिशेब चालत नाही. तिथे सर्किटचा नकाशा आणि स्कॅनर लागतो. तिथे माझ्या लॅम्पचा हट्ट धरणं चूक, मी गाडी सरळ पुढे पाठवतो.

आता बघ. लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला लावलं, दुसरं मागच्या स्विचच्या कपलरमध्ये मेन स्विचकडून येणाऱ्या पहिल्या वायरीवर. बटणाला हात नाही. पेटला, म्हणजे इथे अर्थ आहे. आता दुसरी वायर. नाही पेटला. मागचा स्विच सुटला, तो निर्दोष. आता पुढचं उजवं दार उघड आणि खांबाच्या आणि दाराच्या मधला तो रबरी पाइप हळूहळू हलव.

मालक: लॅम्प लुकलुकला!

मामा: बिघाड दिसला मागच्या डाव्या दारात आणि निघाला पुढच्या उजव्या दारात. ड्रायव्हर दिवसभर चढतो, उतरतो, पॅसेंजरचं सामान काढायला मागे जातो. प्रत्येक वेळी या रबरातल्या वायरी वाकतात. आधी आतल्या तारा तुटतात, बाहेरचं आवरण शाबूत राहतं, म्हणून नुसतं बघून कळत नाही. मागचं दार उघडून कितीही पार्ट बदलले असते, तरी हे सापडलं नसतं.

मालक: मानलं. आता तुम्ही जोड देणार, डाग मारणार, टेप गुंडाळणार. दोन महिन्यांनी तिथेच तुटणार. दुरुस्तीवर माझा विश्वास का नाही, ते यातच आहे. डाग मारलेली जागा कडक होते. रोज वाकणाऱ्या ठिकाणी कडक जोड टिकतच नाही, त्याच्या शेजारी तार तुटते.

मामा: बरोबर बोललास, आणि अशी कामं रस्त्यावर सर्रास होतात. म्हणून जोड रबरात द्यायचाच नाही. तेवढ्याच जाडीच्या बारीक तारांच्या लवचीक वायरीचा लांब तुकडा घ्यायचा. एक जोड खांबाच्या आत, दुसरा दाराच्या आत, मधली वायर अखंड आणि थोडी सैल. जोडावर तापवून आवळणारी स्लीव्ह, नुसती टेप नाही. आणि रबर सोडलंच आहे तर शेजारच्या वायरीही तपासायच्या. त्याही तितक्याच वेळा वाकल्यात. ज्यांचं आवरण तडकलंय, त्या आजच बदलायच्या.

मालक: असं केलं तर माझी हरकत नाही. पण मग हे काम पार्ट बदलण्यापेक्षा सोपं नाही, मामा. हे जास्त कसबाचं आहे.

मामा: तेच तर म्हणतोय. दुरुस्ती म्हणजे स्वस्तातली तडजोड, हा समज लोकांच्या डोक्यातून निघायला हवा.

मालक: मग तुमच्या मते काहीच बदलायचं नाही का?

मामा: असं कुठे म्हटलं? मोटर गरगरते आणि काच जागची हलत नाही, तर मशीनची केबल तुटलीय किंवा काच धरणारं प्लॅस्टिक मोडलंय. ते प्लॅस्टिक चिकटवणारा माणूस गिऱ्हाइकाला फसवतो. तिथे मशीनच बदलायची. बटण दाबल्यावर आतला दिवा किंचित मंद होतो पण काच हलत नाही, तर करंट पोचतोय आणि मोटर किंवा चॅनेल जाम आहे. दिवा मंद होत नाही, आवाज नाही, तर बहुतेक करंटच पोचत नाही. दारावर थाप मारली की मोटर चालते, तर मोटरीतले कार्बन घासलेत. थाप हा उपाय नाही, ती फक्त खूण आहे. अशी मोटर लांबच्या प्रवासाला पाठवायची नाही, बदलायची.

मालक: आणि चारही काचा एकदम गेल्या तर?

मामा: चार मोटरी एका दिवशी मरत नाहीत. आधी फ्यूज, मग रिले, मग ड्रायव्हरच्या दारात येणारी मुख्य वायर आणि तिचा अर्थ. फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचा टाकायचा. वीसच्या जागी तीसचा टाकला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल. बॅटरी काढून लावल्यावर एका दाबात वर जाणारी काच तसं करेनाशी झाली, तर बहुतेक वेळा बिघाड नसतो. काच पूर्ण बंद करून बटण काही सेकंद वर धरून ठेवायचं, तिला आपली वरची हद्द पुन्हा कळते. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तकात असते. आणि मागच्या बटणानं काहीच होत नाही पण ड्रायव्हरच्या बटणानं होतं, तर आधी लॉकचं बटण बघायचं. मुलांसाठी असलेलं ते लॉक कुणीतरी दाबलेलं असतं आणि मालक मोटर विकत घ्यायला निघालेला असतो.

मालक: या रबराच्या कामात मेन स्विचही उघडा ना. स्प्रे मारून साफ करून द्या. पोरगा म्हणतो, कधीकधी अडकतो.

मामा: मघाशी तू सगळं बदलायला निघाला होतास, आता स्विच वाचवायला बघतोस?

मालक: चार काचांचा स्विच महाग येतो.

मामा: इथे मात्र माझं मत बदलण्याचं आहे. जळका वास येत असेल, बटण गरम लागत असेल किंवा प्लॅस्टिक वितळलं असेल, तर तो स्विच साफ करायचा नाही. २०१० मध्ये होंडानं जगभरातल्या साडेसहा लाखांच्या आसपास जॅझ आणि सिटी प्रकारातल्या गाड्या परत बोलावल्या होत्या, भारतातल्या सिटीसुद्धा त्यात होत्या. उघड्या काचेतून पाणी मेन स्विचमध्ये शिरून तो पेटण्याची भीती होती. २०१२ मध्ये टोयोटानं ७४ लाखांहून जास्त गाड्या बोलावल्या. तिथे स्विचमध्ये ग्रीस सगळीकडे सारखं लागलं नव्हतं. स्विच अडकतो म्हणून कुणी बाहेरचं वंगण मारलं, तर तो वितळण्याचा, पेटण्याचा धोका वाढतो, असा इशारा तेव्हा दिला गेला होता. जिथे बसलेल्या माणसाच्या मांडीशी आग लागू शकते, तिथे बचत करायची नाही.

मालक: म्हणजे तुमचा नियम पार्ट बदलायचा नाही असा नाहीच.

मामा: नाहीच. वायर तुटली तर नीट जोडायची. प्लॅस्टिक मोडलं, केबल तुटली, स्विच जळला, तर बदलायचं. पण कोणतं झालंय ते आधी ठरवायचं. हा झाला वायरीचा जोड, आता काच वर घे. बघ, आली. पण हळू येतेय.

मालक: म्हणजे मोटर पण गेली?

मामा: घाई करू नकोस. हात फिरव चॅनेलवर. उसाच्या ट्रॉल्यांची धूळ, रस्त्याच्या कामाची माती, सगळं फेल्टमध्ये बसलंय आणि उन्हानं रबर सुकलंय. हे ब्रशनं साफ करायचं आणि सिलिकॉन स्प्रे मारायचा. इथे तेल किंवा ग्रीस लावलं तर धूळ चिकटून त्याचा लगदा होतो. ग्रीस आत मशीनच्या पट्टीला लावायचं, काचेच्या वाटेला नाही. चॅनेल आवळला की मोटर तापते, मग तिच्यातलं संरक्षण तिला थांबवतं, आणि लोक म्हणतात, मोटर मधूनमधून बंद पडते. तुझ्या वडिलांच्या ट्रॅक्स गाडीला काचेचं हँडल होतं. काच जड झाली की त्यांच्या मनगटाला आधी कळायचं आणि ते गाडी घेऊन यायचे. बटणानं मनगटाचे श्रम वाचले, पण हाताला मिळणारी ती बातमी बंद झाली. म्हणून आता कान द्यावा लागतो. काच नेहमीपेक्षा सावकाश चढते, आवाज जड येतो, तेव्हाच साफ केलं तर मोटर वाचते.

मालक: आणि रस्त्यात अडकली तर पोरानं काय करायचं? समृद्धीवर मध्यरात्री तुम्ही थोडेच भेटणार?

मामा: आधी गाडी रस्त्यावरून बाजूला सुरक्षित जागी घ्यायची. एकानं बटण वर दाबून धरायचं, दुसऱ्यानं काच दोन्ही तळव्यांत आत-बाहेरून धरून वर ढकलायची. बोटं काचेच्या वरच्या कडेवर कधीच नाहीत. वर आली की रुंद टेपनं चौकटीला चिकटवायची आणि त्या बटणाला कुणी हात लावायचा नाही. स्वतः दाराचं पॅड उघडू नये. कात्रीसारख्या मशीनमध्ये ताणलेली स्प्रिंग असते. मशीनचे हात न बांधता मोटर सोडली तर ते हात झटक्यात फिरतात आणि बोट जातं. आणि पॅडच्या मागे प्लॅस्टिकचा कागद असतो, तो फाडून टाकतात. दारात पावसाचं पाणी जाणारच, ते खालच्या भोकांतून निघून जावं अशीच रचना असते. तो कागद ते पाणी आत येऊ देत नाही. फाडला की पुढच्या पावसाळ्यात स्विचमध्ये पाणी.

मालक: सांगतो पोराला. मामा, आता पैशाचं बोलू. पार्ट काहीच लागला नाही. वायरीचा तुकडा, स्लीव्ह, स्प्रे. मग किती घेणार?

मामा: इथेच आपलं खरं भांडण आहे. नवी मशीन टाकली असती तर तू तिचे पैसे एका शब्दात दिले असतेस. आता वायरीचा तुकडा दिसतोय, म्हणून तुला माझं बिल जड वाटणार. या सवयीनंच आमच्यातले चांगले कारागीर पार्ट विकायला लागले. शोधण्याचे पैसे कुणी देत नाही, पार्टवरचे मिळतात. मग शोधायचं कशाला?

मालक: हे मी या बाजूनं कधी पाहिलं नव्हतं. पण मग तुम्हीही एक करा. शोधण्याची मजुरी आधीच सांगा, ठरलेली. सापडलं नाही तर तेवढीच घ्या आणि कुठे न्यायचं ते सांगा. सापडलं तर पुढचा खर्च कळवा आणि माझा होकार घेऊन काम सुरू करा. मला अंदाजाची भीती वाटते, तुमच्या मजुरीची नाही.

मामा: हे मला मान्य. आणि तुझा पोरगा गाडी आणेल तेव्हा नुसतं "काच बंद" म्हणून आणणार नाही. कोणत्या बटणानं, कोणत्या दिशेला, आवाज येतो की नाही, दिवा मंद होतो की नाही, एवढं लिहून आणेल. माझा निम्मा शोध तिथेच होईल आणि तुझी गाडी लवकर सुटेल.

या संवादात दोघांचीही बाजू खरी आहे. मालकाची घाई समजण्यासारखी आहे. यात्रेच्या गावात उभी गाडी म्हणजे बुडालेला दिवस, आणि रस्त्यावरच्या कच्च्या जोडांनी दुरुस्तीवरचा विश्वास घालवला आहे. मामांचा आग्रहही खरा आहे. मागच्या दारातल्या बिघाडाचं मूळ पुढच्या दारात असू शकतं, तिथे अंदाजानं बदललेला पार्ट पैसे आणि वेळ दोन्ही खातो. तोडगा दोघांना जोडणाऱ्या व्यवहारात आहे. बिलावर दोन ओळी हव्यात, शोधण्याची मजुरी वेगळी आणि दुरुस्तीचा खर्च वेगळा. पहिली ओळ देण्याची सवय गिऱ्हाइकानं लावली, तर दुसरी ओळ फुगवण्याचं कारण कारागिराला उरत नाही. बारीक लवचीक वायर, नीट बसवलेली स्लीव्ह आणि पुन्हा चिकटवलेला दारातला कागद या गोष्टी बिलात दिसत नाहीत, पण काच त्यांच्यावरच चालते. डोकं आणि हात वापरून ज्यानं हे काम केलं, त्याच्या शोधाचे पैसे त्याला मिळायलाच हवेत.